घटाचं हिरवं धान

कन्नड
६ ऑक्टोबर २०२५

आमरीन,

पत्र उघडलंस की आधी शेवटपर्यंत वाच, मंग चहा ठेव. मधीच उठलीस तर मला इथं कळतं.

म्हणशील, म्हातारीला फोन करता येत नाय का. करता येतो, ऐकू येत नाय. कानातलं यंत्र कुकरवाणी शिट्टी मारतं. घरातला फोन नातवाचा, सत्यमचा. त्यात काही टाकलं की आधी माझी सून आशाबाई वाचते, मंग गल्ली वाचते. म्हणून कागद. तिसरीपर्यंत शिकले, त्यातलं एक वर्ष म्हशीमागं गेलं. चुका काढू नकोस.

तुझी दादी शहजादी रमजानात गेली तव्हापासून तुमच्या घराला कुलूप आहे. तुझे अब्बा एकदा आले, पत्र्यावरचा पाला काढून गेले. माझ्याकडं चहासुद्धा घेतला नाय. इलियासला सांग, मागच्या घरातली द्वारकाबाई अजून मेली नाय.

आता कामाचं. आमच्या घटाचं धान औंदा हिरवं निघालं.

तुला ठाऊक आहे, नवरात्राच्या पहिल्या माळेला मी वावरातली काळी माती आणते, टोपलीत पसरते, मधी पाण्याचा घट ठेवते आणि मातीत गहू पेरते. नऊ दिवस देवघर बंद. माळ बांधायला आणि दिव्यात तेल घालायला जायचं तेवढं मीच. दसऱ्याला बघावं तर धान वीतभर उंच, पिवळं धम्मक. साठ वर्षं बसवते, साठ वर्षं पिवळं. सासूच्या हातचं पण पिवळंच. औंदा बुटकं, आणि वावरात उगवतं तसं हिरवंगार.

आशाबाईनं तोंडाला पदर लावला. कोणीतरी म्हणलं, घटाला कोण शिवलं? सगळ्यांनी नातसुनेकडं बघितलं. सोनिया. मे महिन्यात सत्यमशी लग्न झालं, तू पंगतीला होतीस, तीच. नवरात्रात तिला अडचण होती. ती खाली बघत राहिली. व्हय म्हणली नाय, नाय म्हणली नाय.

तिसऱ्या दिवशी सत्यमची मोटरसायकल चाळीसगावच्या घाटात घसरली. पाय मोडला. आता घरात कोणाला पुरावा लागत नाय. आशाबाई म्हणते, दिवाळीला तिचा भाऊ न्यायला येईल, तव्हा जाऊ द्यायची आणि परत आणायची नाय.

तू कॉलेजात पानातल्या हिरव्या रंगावरच शिकतेस ना? मंग सांग, गहू हिरवा कशानं होतो. बाईच्या हातानं होतो का? होत असेल तर तसं लिही. मी घाबरत नाय.

द्वारकाबाई
(अंगठा नाय, सही आहे.)


पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
११ ऑक्टोबर २०२५

द्वारकाआजी,

शेवटपर्यंत वाचलं, मगच चहा ठेवला. अब्बांना निरोप दिला. दादीच्या घरात त्यांना दहा मिनिटं बसवत नाही, म्हणून ते तुमच्याकडेही बसले नसतील. राग धरू नका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. पाळी असलेल्या बाईच्या हातानं गव्हाला काही होत नाही. मी महिन्याचे तीसही दिवस रोपांना हात लावते. त्यांनी कधी माझी तारीख विचारलेली नाही.

गहू हिरवा होतो उजेडानं. तो हिरवा रंग, ज्याला आम्ही हरितद्रव्य म्हणतो, झाडाचं पोट भरतो, पण तो बनवणं झाडाला महाग पडतं. म्हणून अंधारात रोप तो बनवतच नाही. दाण्यात आईनं बांधून दिलेली शिदोरी असते, ती सगळी उंच होण्यात घालतं. आधी उजेड शोधायचा, बाकी नंतर. म्हणून तुमचं धान दरवर्षी उंच आणि पिवळं.

पण ते अगदी हातावर हात ठेवून बसत नाही. रंगाच्या एक पायरी अलीकडचं कच्चं द्रव्य करून ठेवतं, थोडंसंच. शेवटची पायरी उजेडाशिवाय होत नाही. उजेड पडला की तेवढं लगेच होतं आणि काही तासांत पान हिरवं दिसायला लागतं. थोडंसंच का, तर कच्चं द्रव्य फार साठलं आणि एकदम उजेड पडला, तर पान जळतं. म्हणून झाड स्वतःला आवरतं. ज्या रोपांना हे आवरणं जमत नाही ती उजेडात आणल्यावर कशी मरतात, हे पाहणं म्हणजे माझं काम.

त्यासाठी कॉलेजात एक काळी खोली आहे. आत फक्त मंद हिरवा दिवा, कारण तो रोपांना सगळ्यात कमी जाणवतो. सकाळी नऊला आत शिरते ती जेवायला बाहेर. दिवसभरात माझ्याशी बोलतो तो वॉचमन, आणि तोही "मॅडम, चावी" एवढंच. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते मोठ्यानं वाचलं, कोणाचा तरी आवाज खोलीत यावा म्हणून.

असो. नंदादीप तर दरवर्षीच असतो आणि त्याचा उजेड इतका थोडा की त्यानं एवढं हिरवं होत नाही. म्हणजे यंदा देवघरात जास्तीचा उजेड आला, आणि रोज आला. कोणी मोबाईलचा टॉर्च लावून आत बसत होतं का? एवढं घरात विचारा. प्रश्न मिटेल.

तुमची,
आमरीन


कन्नड
१९ ऑक्टोबर २०२५

आमरीन,

पत्र तीनदा वाचलं. कळलं. कणीक भिजवून ठेवायची, पण तवा तापल्याशिवाय पोळी नाय. आणि तवा कधी तापेल ठाऊक नसलं तर परातभर भिजवायची नाय, आंबून जाते. एवढ्यासाठी तुला बावीस वर्षं शाळा लागली.

दगडाखालचं गवत पिवळं असतं हे मला पोरवयापासून ठाऊक आहे. वावरात दगड उचलला की दिसतं. पण घट म्हणजे गवत, असं कधी डोक्यात आलं नाय. देवाच्या खोलीत गेला की गहू पण देवाचा होतो असं वाटायचं.

तू लिहिलंस तसं जेवताना घरात सांगितलं. म्हणलं, शिकलेली पोरगी म्हणते, कोणीतरी मोबाईलचा उजेड पाडला.

आशाबाई बोलते ते मला यंत्र नसताना ऐकू येतं. ते घाटाखाली पण जातं. ती म्हणली, "तरीच! दुपारची फोन घेऊन कुठं गायब होते ते आता कळलं. देवीसमोर बसून माहेरी गाऱ्हाणी!"

सत्यम प्लास्टर घेऊन पलंगावर. त्याचं ओठावरून कळलं. "आई, ती गच्चीवर जाते. तिथं रेंज येते."

"तू बोलू नको. तुझा पाय बघ."

मोडला एकच पाय, पण जागचे हलले नाय ते दोन्ही.

सोनिया भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाय. मला वाटलं होतं ती ओरडेल, फोन आपटेल, काहीतरी करेल. नाय केलं.

काल अतुल, तिचा भाऊ, न्यायला आला. पहिली दिवाळी, माहेरी जायचीच रीत. गल्लीनं बघितलं, पोरगी नटूनथटून चालली. आशाबाईनं ओटी भरली, कुंकू लावलं आणि गाडीत तिची मोठी बॅग ठेवायला लावली. उन्हाळ्याच्या साड्या, थंडीची शाल, सगळं. चार दिवसांच्या दिवाळीला कोण शाल आणि वाळ्याचा पंखा नेतं? अतुलला कळलं नाय. तिला कळलं. पाया पडली तव्हा माझ्या पायाला तिचे हात गार लागले.

तिचं माहेर तुझ्याच पुंडलिकनगरात आहे. वडील राजेंद्र, शाळेत मास्तर होते. तिच्याकडं जाऊ नकोस. गेलीस तर आशाबाई म्हणेल मी पाठवली.

द्वारकाबाई


पुंडलिकनगर
२७ ऑक्टोबर २०२५

आजी,

हे मी केलं. मी चार ओळींत एक अंदाज लिहिला आणि त्याचा पुरावा झाला. कॉलेजात कोणी असं केलं तर मी त्याला दारात उभं करत नाही. न बघता "मोबाईल" लिहिलं, कारण मी स्वतः अंधारात मोबाईल घेऊन बसते. मला दुसरा उजेड सुचलाच नाही.

काल सोनिया भाजीच्या गाडीवर दिसली. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन नुसती उभी होती. भाजीवाला दोनदा म्हणाला, "ताई, घ्यायची का?" मी हाक मारली नाही. तुम्ही नको म्हणालात हे एक कारण. दुसरं, ओळख एका पंगतीची. आणि माझ्या गल्लीत मी कोणालाच हाक मारत नाही. खोली मिळायला नऊ घरं फिरले होते. नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. तेव्हापासून नजर खाली ठेवून चालायची सवय झाली.

आता मला नीट सांगा. अंदाज नको, फक्त तुम्ही पाहिलं ते. रोप जिकडून उजेड येतो तिकडे वाकतं. काळ्या खोलीत मी भिंतीला सुईएवढं भोक पाडलं तरी दोन दिवसांत सगळी रोपं तिकडे मान करतात. दसऱ्याला धान तुम्हीच कापलंत. ते कोणत्या बाजूला वाकलेलं होतं? दाराकडे, देवीकडे, की मागच्या भिंतीकडे? सोनिया मोबाईल घेऊन समोर बसत असेल तर ते दाराकडे वाकेल. नसेल वाकलं, तर मोबाईलची गोष्ट खोटी.

या पत्राचं उत्तर लवकर द्या. दिवाळी संपलीय. आता तिला आणायला कोणी गेलं नाही तर गल्लीलाही कळेल.

आमरीन


कन्नड
१४ नोव्हेंबर २०२५

आमरीन,

उशीर झाला. वाटाणे सोलत होते.

धान कोणत्या बाजूला वाकलं ते आठवत नाय. दसऱ्यालाच कापलं, पोरांच्या टोप्यांत खोवलं, उरलं ते नदीत सोडलं. गेलेल्या धानाचा आता काय पंचनामा करायचा.

सत्यमचं प्लास्टर निघालं. काठी घेऊन चालतो. सोनियाचा फोन येतो तव्हा गच्चीवर जातो. पूर्वी ती जायची, आता हा जातो.

थंडी पडली. तुझ्या खोलीत पांघरूण आहे का?

द्वारकाबाई


पुंडलिकनगर
२२ नोव्हेंबर २०२५

आजी,

तुम्हाला आठवत नाही, हे मी मान्य करत नाही. माझ्या भावाच्या सुन्नतीच्या जेवणात खिरीत साखर कमी पडली होती हे तुम्हाला सव्वीस वर्षांनी आठवतं. तुम्ही वाटाणे तीन आठवडे सोलत नाही.

तुमच्या उत्तराची वाट बघत असतानाच मी स्वतः करून पाहिलं. काळ्या खोलीत तीन टोपल्या ठेवल्या. काळी माती, मध्ये मातीचं मडकं, भोवती गहू, तुमच्यासारखंच. पहिली टोपली पूर्ण अंधारात. दुसरीजवळ फक्त तेलाचा दिवा. तिसरीला दुपारी एक तास, भिंतीतल्या एका फटीतून बाहेरचा उजेड. नऊ दिवस. पहिली वीतभर आणि पिवळी. दुसरीही पिवळीच, शेंड्याला जराशी हिरवट झाक. तिसरी बुटकी, हिरवी, आणि सगळीच्या सगळी फटीकडे झुकलेली, जणू कोणाचं बोलणं ऐकायला वाकलीय.

तिसऱ्या टोपलीसमोर बसले तेव्हा मला दादीचं अंगण दिसलं. आमच्या अंगणाला तुमच्या देवघराची मागची भिंत लागून आहे. तिला हातभर झरोका आहे आणि झरोक्याला आतून लाकडी फळी. मी लहान असताना रोज दुपारी ती फळी सरकायची. पलीकडे तुम्ही, अलीकडे दादी खाटेवर. तुम्ही दोघी तासभर कोणाकोणाची सालं काढायचात. नवरात्रात फळी बंद. दादी आम्हाला तिकडे खेळूही द्यायची नाही. म्हणायची, "उनके यहाँ घट बैठा है, चुप रहो." आणि दसऱ्याला फळी सरकवून तुम्ही तिला पिवळं धान द्यायचात, ते ती पिठाच्या डब्यात ठेवायची.

आजी, मी आता अंदाज करत नाही, विचारतेय. यंदा नवरात्रात ती फळी कोणी उघडली?

आमरीन


कन्नड
२९ नोव्हेंबर २०२५

आमरीन,

मी उघडली.

दुसऱ्या माळेपासून नवव्या माळेपर्यंत, रोज दुपारी, घर झोपलं की. तासभर. धान फळीकडंच वाकलं होतं. मी कापलं, माझ्या मुठीत आलं, मला दिसलं.

तुला खरंच सांगायचं तर सगळंच सांगते. पहिल्या पत्रात लिहिलं ना, कोणीतरी म्हणलं घटाला कोण शिवलं. ते कोणीतरी मीच. दुसऱ्या कोणाच्या तोंडातून निघालं असतं तर आशाबाईनं कदाचित मनावर घेतलं नसतं. माझं तोंड म्हणजे या घरात शिक्का आहे. आणि तुझं पहिलं पत्र वाचलं, उजेडानं होतं हे कळलं, तव्हाच माझ्या ध्यानात आलं फळीचं. तरी जेवताना मी मोबाईलचंच सांगितलं. तू लिहून दिलं होतंस, मला बरं पडलं. तुझी चूक अर्धी. माझी दीड.

काहून उघडली ते विचारशील. शहजादी होती तव्हा नऊ दिवस फळी लावायला काही वाटायचं नाय. दहाव्या दिवशी ती पलीकडं बसलेली असायची. औंदा दहावा दिवस नव्हता. मंग नऊ दिवस कशासाठी पाळायचे? बघायचं तर काय होतं तिथं, वाळलेली मेंदी, मोडकी खाट, कुलूप. तेच बघितलं. रडले वगैरे नाय. सुपारी कातरत बसायचे आणि गल्लीत काय काय झालं ते सांगायचे. मला ऐकू येत नाय, तिला आता येत नाय. जमायचं.

आता हे घरात कोणत्या तोंडानं सांगू? आशाबाई नवी नवरी होती तव्हा मी तिला अडचणीच्या चार दिवसांत तापानं फणफणत असताना गोठ्याजवळ बसवलं होतं. पाऊस होता. तिनं पाणी मागितलं तर तांब्या लांबून सरकवला. ती सोनियाशी जे वागते ते ती माझ्याकडूनच शिकली. साठ वर्षं मी दुसऱ्यांना नियम लावले आणि तोडला तो मीच, तो पण कशासाठी, एका बंद घराशी गप्पा मारायला. लोक म्हणतील म्हातारीला भूल पडली.

तू मला एक सांगू नकोस, की मी पण अंधारातलं रोप आहे आणि लई दिवस साठवून ठेवलं वगैरे. मी रोप नाय. रोप खोटं बोलत नाय.

द्वारकाबाई


पुंडलिकनगर
४ डिसेंबर २०२५

आजी,

नाही सांगत. लिहायला घेतलं होतं तेच, खोडलं.

तुम्ही तिथे बसायचात, हे मला दादीनंतर पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं. अब्बा घराबद्दल बोलत नाहीत, आणि मला वाटायचं त्या अंगणाकडे आता कोणीच बघत नाही. बरं वाटलं. पण तुमच्या त्या एका तासाची किंमत सोनिया भरतेय, म्हणून नुसतं बरं वाटून भागत नाही.

आज पुन्हा दिसली. मेडिकलच्या दुकानात. वाळलीय. मी या वेळी हसले, तर तिनं मागे वळून पाहिलं, की मी दुसऱ्या कोणाकडे पाहून हसतेय का.

तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी तुमच्याबरोबर तिच्या घरी येते. टोपल्यांचे फोटो आहेत, सगळं समजावून सांगेन. किंवा आधी कन्नडला येऊन आशाबाईंना सांगते. फक्त तुम्ही सांगणार आहात की नाही, तेवढं कळवा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मग तुम्ही माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही, हेही मला माहीत आहे.

आमरीन


कन्नड
२४ डिसेंबर २०२५

आमरीन,

धमकी मिळाली. शहजादीची नात शोभतेस.

आधी आशाबाईला सांगितलं. चुलीपुढं, सरळ. म्हणलं, फळी मी उघडली, धान माझ्यामुळं हिरवं झालं, पोरीचा काही दोष नाय. तिनं ऐकून घेतलं, आणि काय म्हणली ठाऊक आहे? "आत्या, तुम्ही तिच्यासाठी खोटं बोलताय. तुम्ही आणि नवरात्रात फळी उघडणार? मला शिकवू नका." एवढा माझा नियम पक्का. तीनदा सांगितलं. ती पदरानं डोळे पुसत म्हणली, "किती मोठ्या मनाच्या हो तुम्ही." आयुष्यात पहिल्यांदा ती मला चांगलं बोलली, ते पण असं.

मंग पंधरा तारखेला, सोमवारी, मी एकटी एस्टीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "आजी, एकट्याच?" मी म्हणलं, "तुला दुसरी दिसते का कोणी?" बसस्टँडवरून रिक्षा. तुझ्या खोलीपासून चार गल्ल्या लांब होते आणि तुझ्याकडं आले नाय. राग धरशील, धर. तू बरोबर असतीस तर टोपल्या, फोटो, शास्त्र झालं असतं. पोरीला घालवली माझ्या तोंडानं. आणायची पण त्याच तोंडानं होती.

राजेंद्र मास्तरांनी खुर्ची दिली. त्यांची बायको, अतुल, सगळे समोर बसले. सोनिया आतल्या दारात. मी सगळं सांगितलं. मला ऐकू येत नाय म्हणून मी किती मोठ्यानं बोलते ते मला कळत नाय. वरच्या मजल्यावरची बाई खाली येऊन उभी राहिली तव्हा कळलं. तिला म्हणलं, "बस तू पण, तुझंच राहिलं होतं."

मास्तर काहीतरी बोलत होते, हात जोडत होते. मी सोनियाकडं बघत होते. तिच्या तोंडावर काही फरक पडला नाय. ती आत गेली, वहीचा कागद फाडून आणला, माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि लिहिलं. मोठ्या अक्षरांत, मला वाचता यावं म्हणून. घरच्यांना दिसू नये म्हणून गुडघ्याआड धरलं.

"आजी, मी खरंच शिवले होते. चौथ्या माळेला, रात्री. मातीला भेगा पडल्या होत्या, तुम्ही झोपला होता. मी तांब्याभर पाणी घातलं. मला वाटलं माझ्यामुळंच झालं. ह्यांचा पायसुद्धा."

मला वाचायला वेळ लागला. अडीच महिने पोरगी हे पोटात घेऊन बसली होती. आमच्यापैकी कोणी तिला दोषी म्हणलं नसतं तरी ती म्हणत होतीच. मी तोंड उघडलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. माझ्या! मंग खाली अजून लिहिलं.

"फळीचं तुम्हाला कळलं नसतं, तर तुम्ही आला असता का?"

आमरीन, तिथं व्हय म्हणणं लई सोपं होतं. पोरगी पण खूश झाली असती. मी तिच्या हातातला पेन घेतला आणि लिहिलं, "नाय." दोनच अक्षरं.

तिनं वाचलं. मंग लिहिलं, "हा कागद ह्यांना दाखवा. मी शिवले होते हे कळूनसुद्धा त्यांना यायचं असलं तर येऊ द्या. फळीचं सांगून पाठवू नका."

मी कागद चोळीत घातला, चहा प्याले, परत आले. परतीच्या एस्टीत खिडकीची जागा मिळाली. शेजारी कोणी नव्हतं.

सत्यमनं कागद उभ्यानं वाचला, मंग बसून वाचला. म्हणला, "म्हणजे ती खरंच..." मी म्हणलं, व्हय. म्हणला, "आईला काय सांगू?" मी म्हणलं, "तुझी आई, तुझी बायको, तुझा पाय. मी कुठं कुठं पुरू?" दोन दिवस तो काठी टेकत गच्चीवर जायचा, खाली यायचा. त्या दोन दिवसांत देवीला एकदाच म्हणलं, जे करशील ते लवकर कर.

गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसनं गेला, काठी घेऊन. संध्याकाळी दोघं आले. आशाबाई दारात आडवी. सत्यमनं तिला सांगितलं, मी ओठ बघत होते, म्हणून खात्रीनं लिहिते. "ती शिवली होती, आई. तिनंच मला सांगितलं. मी तिला घेऊन आलोय." आशाबाई बाजूला झाली. ओवाळलं नाय, पण बाजूला झाली.

तुला वाटेल सगळं गोड झालं. नाय. सहा दिवस झाले, घरात भांडी सोडून कोणी बोलत नाय. सोनिया माझं ताट वाढते, औषध देते, आणि जाते. माझ्याशी पण बोलली नव्हती. मला ऐकू येत नाय म्हणून घर शांत वाटायचं. आता सगळ्यांची तोंडं मिटलेली बघून ती शांतता पहिल्यांदा दिसली मला.

आज सकाळी आशाबाई चूल पेटवायला गेली तर सोनिया आधीच तिथं. ती सरळ उभी राहून म्हणली, "मला आज अडचण आहे. आणि भाकरी मीच करणार."

आशाबाईचा हात हवेतच राहिला. सत्यम दारात आला. आशाबाईनं माझ्याकडं बघितलं. मंग सत्यमनं बघितलं. मंग सोनियानं. साठ वर्षं निवाड्यासाठी सगळ्या बायका माझ्याकडं बघत आल्या, तसं.

मी पाट ओढला, चुलीपुढं बसले, ताट तिच्यापुढं सरकवलं. म्हणलं, वाढ.

भाकर कडक झाली होती. तेवढं मात्र मी तिला बोलले.

द्वारकाबाई